दवाखान्याचं टेंडर कोणत्या पद्धतीचं?

प्रश्न : आमच्या गावात (ता. तासगाव, जि. सांगली) आरोग्य केंद्राची नवी इमारत होणार आहे. 'बी-१' आणि ईपीसी टेंडरमध्ये फरक काय? – एक ग्रामपंचायत सदस्या

उत्तर : ताई, 'बी-१'मध्ये नकाशा आणि अंदाजपत्रक खात्याचं; ठेकेदार त्यावर टक्केवारीत कमी-जास्त दर भरतो, बिल मोजमापाप्रमाणे निघतं. ईपीसीत (डिझाइन, खरेदी, बांधकाम सगळं एकाच ठेकेदाराकडे) डिझाइनही ठेकेदाराचं, रक्कम ठरीव. बांधकाम खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, छोट्या केंद्राला 'बी-१'च बरं. पण पद्धत कोणतीही असो, प्रसूतिगृहाच्या दारातून स्ट्रेचर वळतं का, हे नकाशा घेऊन तिथल्या सिस्टरांना आत्ताच विचारा. बांधकाम झाल्यावर दार रुंद करायचं म्हणजे जादा बाब (अंदाजपत्रकात नसलेलं काम), नवी मंजुरी, आणि तोवर गरोदर बायकांची सांगलीला धावपळ. दोष दायित्वाची मुदत, म्हणजे बांधकामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ, हीही करारात बघून ठेवा. गळती दिसली की मुदत संपण्याआधी लेखी कळवा, पोच घ्या.