दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला?

प्रश्न : माझ्या सासूबाई 58 वर्षांच्या आहेत. तरुणपणापासून मशेरी लावतात, दिवसातून चार-पाच वेळा. गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. चूळ भरायला लावली, बोटानं पुसायला लावला, तरी गेला नाही. त्या म्हणतात, ‘दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग दवाखान्यात कशाला?’ शेजारच्या काकू म्हणतात, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, हात लावू देऊ नका. हल्ली त्या कोरड्यास बिनतिखटाचं मागतात. काय करू?
ता. क. आमचे हे तंबाखू खात नाहीत, फक्त सुपारी. ते चालतं ना?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : ताई, बिनतिखटाच्या कोरड्यासाचं वाक्य मी पुन्हा वाचलं. उपजिल्हा रुग्णालयात दातांची डॉक्टर म्हणून 26 वर्षं काढली, तेव्हा हे असंच कानावर यायचं. आजार सांगायला बाई येतच नाही. सून सांगते, की आत्या आजकाल भाकरी दुधात कुस्करून खातात. त्या स्वतः म्हणतात, वय झालं, पित्त झालं. पण तोंडात तिखट झोंबायला लागलं, तर आतल्या त्वचेत काही बदल झालाय का ते बघावंच लागतं.

‘दुखत नाही’ म्हणून थांबायचं, हेच उलटं आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा तो खोल गेलेला असतो.

मला एक मावशी आठवतात, मंडईत मेथीच्या जुड्या विकायच्या. खालची दाढ हलते म्हणून कुणीतरी ती काढून दिली, पण बाजूची हिरडी उजेडात नीट पाहिली नाही. दोन महिने झाले तरी खड्डा भरेना, तेव्हा त्या माझ्याकडं आल्या. कमरेला मशेरीची डबी, आणि दुखतं म्हणून त्याच खड्ड्यात मशेरी दाबून धरत होत्या. दाढ किडलेली नव्हतीच, खालचं हाड पोखरलं होतं. अर्धा जबडा काढावा लागला. मावशी जगल्या, पण भाकरी पुन्हा चावता आली नाही. त्या दाढेच्या वेळीच कुणी टॉर्च धरली असती तर, हे मला आजही वाटतं.

म्हणून उद्या सकाळी सासूबाईंना अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवा. चूळ भरायला लावा, कवळी असेल तर काढा. चमच्याच्या पाठीनं गाल बाजूला करा आणि मशेरीचं बोट रोज जिथं फिरतं तिथं आधी बघा : खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच. मग जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जीभ वर उचलून खालची जागा, शेवटी टाळू. पांढऱ्यापेक्षा लाल किंवा लाल-पांढरा मिसळलेला चट्टा जास्त काळजीचा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, बोटाला लागणारा कडकपणा, विनाकारण हलणारा दात, जबड्याखाली किंवा मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. आणि काही नाही दिसलं तरी या चट्ट्यासाठी जायचंच आहे.

घाबरून जाऊ नका. बहुतेक पांढरे चट्टे कॅन्सर नसतात, मशेरी सुटली की काही विरूनही जातात. पण कुठला विरेल आणि कुठला बिघडेल, हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही. त्यासाठीच तुकडा काढतात. भुलीचं इंजेक्शन देऊन मसुरीच्या डाळीएवढा तुकडा, लागलाच तर एखादा टाका, त्याच दिवशी घरी. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. काकूंनी ज्यांचं पाहिलं असेल त्यांचा आजार आधीच पसरलेला असणार, तपासणीनं तो फक्त कळला. या एका गैरसमजापायी लोक उशिरा येतात, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

पहिली तपासणी गावातच होते. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत असते. आशाताई फॉर्म भरायला येतात, त्यात चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास हे प्रश्न असतातच. पण दारात मुलगा उभा असला की बाई सगळ्याला ‘न्हाई’ म्हणते. तेव्हा तुम्ही जवळ थांबा. नुसतं बघून काय कळणार, असं कुणी म्हणालं तर केरळचं सांगा : तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. 2005 साली निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले.

मशेरी सोडायला 1800 11 2356 हा मोफत नंबर आहे. इतक्या वर्षांची सवय रागावून सुटत नाही, त्यांना रागावू नका.

आता ता. क. नाही, चालत नाही. नुसती सुपारीही कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ती 2004 साली त्या यादीत घातली. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. यजमानांना त्यांचीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. दोनच जात असतील तर त्यांनाही तपासायचंय. मग सासूबाईंना म्हणा, ‘आत्या, ह्यांना दाखवायला चाललोय, तुम्ही सोबत चला.’ लेकासाठी त्या येतील. तिथं गेल्यावर खुर्चीवर आधी त्यांनाच बसवा.