वाचक विचारतात: सायकल ट्रॅकच्या कडेची झाडं

प्रश्न: आम्ही सायकलवाले मिळून सार्वजनिक सायकल ट्रॅकच्या कडेला देशी झाडं लावणार आहोत, परमिशन मिळालीये. सावली लवकर मिळावी म्हणून अर्धे जण म्हणतात ट्रॅकला खेटून लावू आणि रोपं मोठीच आणू. गुलमोहराची रोपं फुकट मिळतायत, ती घ्यावीत का?

उत्तर: गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्यामुळे देशी म्हणून लावायचा असेल तर तो बादच, शिवाय त्याच्या फांद्या वादळवाऱ्यात पटकन मोडतात, खालून सायकली जाणार असतील तर फुकटात पण नको.

खेटून तर अजिबात लावू नका. डांबराखाली ओल टिकून राहते, मुळं तिकडे वळतात आणि जाड झाली की ट्रॅक वर उचलतात, गाडीला तो उंचवटा जाणवणार नाही पण सायकलच्या बारीक टायरला चांगलाच दणका बसतो. मोठी होणारी झाडं निदान दोन-तीन मीटर लांब ठेवा, वड-पिंपळ तर त्याहून बरेच लांब. सावलीचं म्हणाल तर ऊन कुठून येतं ते बघून बाजू ठरवा, पूर्व-पश्चिम जाणारा ट्रॅक असेल तर आपल्याकडे दक्षिणेची रांग जास्त कामाची. वळणावर मात्र काहीच उंच नको, समोरून येणारा दिसायला हवा.

रोपं लहानच घ्या, कंबरेएवढी पुरे. मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली असतात, ते रुजायलाच वेळ घेतं आणि लहान रोप बऱ्याचदा त्याला गाठतं. पिशवी काढून गुंडाळलेली मुळं मोकळी करा, खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा आणि खोड जिथे मुळाला मिळतं तो भाग मातीत गाडू नका. वर पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका.

आणि खरं काम पुढेच आहे बरं का, लावायच्या दिवशी फोटोला सगळे येतात पण पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार ते आधी ठरवा, जेवढ्या झाडांना नावानिशी माणूस मिळेल तेवढीच लावा, भले वीसच होऊ देत. खणायच्या आधी खाली केबल किंवा पाइप नाही ना तेही विचारून घ्या.

प्रश्न: देशी म्हणून बाभूळ आणि जांभूळ चालेल ना?

उत्तर: दोन्ही देशीच, पण ट्रॅकवर नकोत. बाभळीचा काटा म्हणजे पंक्चर ठरलेलं, आणि पिकलेली जांभळं पडून चिरडली की चाक घसरतं. जागा असेल तर मागच्या रांगेत लावा, पक्षी खूश होतील. पुढे करंज, बहावा असलं काही बघा.