पाल्हाळ, विस्तार आणि विस्तर

फोंडा तालुक्यातली, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारते: ‘खाजन शेतीवरच्या माझ्या निबंधाच्या समासात सरांनी तीन ठिकाणी “पाल्हाळ नको” असं लिहिलं. त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला रेटरिक सुरू झालं आणि बाई म्हणाल्या, एकच मुद्दा निरनिराळ्या अंगांनी वाढवत नेता येणं ही वक्त्याची ताकद. मग सर ज्याला पाल्हाळ म्हणतात आणि बाई ज्याला ताकद म्हणतात, त्यांत फरक काय? पाल्हाळ हा शब्द आला कुठून? आणि रेटरिकला मराठीत काय म्हणायचं? माझी सवय मला ठाऊक आहे. लिहायला बसले की पहिली पाच-सहा वाक्यं मुद्द्याची येतच नाहीत.’ सोबत तिनं निबंधाचं पहिलं पान पाठवलं आहे. (खाजन म्हणजे गोव्यात नदीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन.)

पाल्हाळ हा शब्द झाडापानांतून आलेला आहे. त्याचं नातं संस्कृत ‘पल्लव’शी, म्हणजे आपल्या पाला, पालवी, पालवणे या घराण्याशी. जुन्या मराठीत ‘पाल्हेजणे’ असं क्रियापद होतं, अर्थ पालवी फुटणे. तेव्हा पाल्हाळ लावला म्हणजे बोलण्याला पाला फुटत गेला, फुटतच गेला. संस्कृत ग्रंथांवर टीका, म्हणजे भाष्य, लिहिणाऱ्यांनाही हेच चित्र सुचलं होतं. एखाद्या मुद्द्यावर लांबवर गेले की ते स्वतःच थांबत आणि लिहीत, ‘इत्यलं पल्लवितेन’. एवढी पालवी पुरे. मराठीत त्या जागी आपल्याकडे एक छोटासा शब्द आहे: ‘असो’. ज्ञानेश्वरीत ‘हें असो’ किती जागी भेटतं बघ. उपमेमागून उपमा देत ज्ञानेश्वर दूर जातात, आणि ‘हें असो’ म्हणून पुन्हा श्लोकाच्या अर्थावर येतात. आज पत्रात किंवा फोनवर आपण ‘असो’ म्हणतो तेव्हा तेच करतो. फांदी सोडून खोडाकडे येतो.

मला या शब्दाचा अर्थ खरा कळला तो परसात. एका पावसाळ्यात आमच्या दुधीच्या वेलानं अख्खा मांडव झाकून टाकला. पानं पंजाएवढी, काळपट हिरवी, खाली ऊन पडेना. आणि दुधी एकही नाही. शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, ‘वेल पाल्यावर गेलाय. शेंडे खूड.’ मी खुडले. काही दिवसांनी बाजूचे फुटवे धरले आणि फळ लागलं ते त्या आडव्या फुटव्यांनाच. हे मला महत्त्वाचं वाटतं. मुद्द्याला आडवं फुटणं हा दोष नव्हे, फळही तिथंच येतं. ‘पाल्यावर गेला’ हे काकी फक्त त्या वेलाला म्हणतात ज्याचं सगळं बळ पानांत जातं. तुझ्या सरांनी लिहिलेलं ‘पाल्हाळ’ याच अर्थाचं आहे.

आता विस्ताराकडे. इथं एक जुना, सुंदर भेद आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. संस्कृतात दोन शब्द आहेत, विस्तार आणि विस्तर. कापड, रान, राज्य पसरतं तो विस्तार. शब्द पसरतात तो विस्तर. पाणिनीनं यासाठी वेगळं सूत्रच दिलंय, ‘प्रथने वावशब्दे’: वि-पूर्वक स्तॄ धातूपासून पसरण्याच्या अर्थी ‘विस्तार’ असं रूप करावं, पण ते पसरणं शब्दाचं नसेल तेव्हा. अमरकोशानंही सांगून ठेवलंय, ‘स च शब्दस्य विस्तरः’. गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो ‘विस्तरेण’ सांग. तिथं ‘विस्तारेण’ नाही, कारण तो बोलायला सांगतोय. आपल्या मराठीत हा भेद एका शब्दात अजून शाबूत आहे. प्रश्नपत्रिकेत ‘सविस्तर उत्तरे लिहा’ असं असतं, ‘सविस्तार’ कधीच नसतं. रोजच्या वापरात आपण बोलण्यालाही विस्तार म्हणतो आणि ते आता रूढ झालंय, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण तुझ्या प्रश्नापुरते हे दोन शब्द वेगळे ठेवू या, कारण तुझ्या बाई ज्याला ताकद म्हणतात तो हा विस्तर.

अर्जुनाच्या त्या मागणीला श्रीकृष्णानं दिलेलं उत्तर रेटरिकच्या तासाला वाचून दाखवावं असं आहे. तो म्हणतो, मी ‘प्राधान्यतः’ सांगतो, कारण ‘नास्त्यन्तो विस्तरस्य मे’. माझ्या विस्तराला अंत नाही, म्हणून मुख्य मुख्य तेवढं. आणि मग तो काही थोडक्यात आटपत नाही. अध्याय संपेपर्यंत एकेक विभूती सांगत जातो. मात्र प्रत्येक विभूती एकाच विधानाला धरून आहे: जिथं जे श्रेष्ठ, ते मी. (सरांनी ज्या कोऱ्या जागेत शेरा लिहिला तिला आपण समास म्हणतो, आणि संस्कृतात ‘समासेन’ म्हणजे थोडक्यात. लेखनातल्या आटोपशीरपणाचे इतके शब्द आपल्या रोजच्या वहीत पडलेले असतात.)

युरोपातही हाच प्रश्न होता. इरॅस्मस या डच विद्वानानं 1512मध्ये शब्दांच्या विपुलतेवर लॅटिनमध्ये एक पाठ्यपुस्तक छापलं. त्यात ‘तुझ्या पत्रानं मला फार आनंद झाला’ एवढ्या अर्थाचं एक वाक्य त्यानं शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवलं. तुझ्या बाईंचं म्हणणं या परंपरेतलं आहे. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्यानं बजावलं होतं की विपुलतेच्या मागे लागलेले पुष्कळ जण पोकळ बडबडीत जाऊन पडतात. म्हणजे तुझे सर आणि बाई दोघेही एकाच पुस्तकात बसतात. शंभर तऱ्हा हा सराव होता. त्यांतली नेमकी एक निवडता यावी यासाठी.

रेटरिक या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रीकमध्ये ‘रेटोर’ म्हणजे सभेत उभा राहून बोलणारा, वक्ता. म्हणून वक्तृत्वशास्त्र हा प्रतिशब्द मुळाला धरून आहे. अडचण अशी की ‘वक्तृत्व’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वक्तृत्व स्पर्धा येते, पाठ केलेलं भाषण आणि हातवारे. जुन्या रोमन शिक्षणात या शास्त्राची पाच अंगं होती: मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, शब्दयोजना, पाठांतर आणि सादरीकरण. आपल्या स्पर्धांत शेवटची दोन उरली. काही जण अलंकारशास्त्र हा शब्द वापरतात. तो मला पटत नाही. भामह, दंडी, मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारांचा मूळ प्रश्न काव्य कशानं काव्य होतं हा आहे. ॲरिस्टॉटलचा प्रश्न वेगळा: समोरच्याचं मन वळवायला या प्रसंगी काय काय हाताशी आहे ते दिसावं कसं. तेव्हा परीक्षेत वक्तृत्वशास्त्र लिही आणि पहिल्यांदा येईल तिथं एका वाक्यात अर्थ दे. वर्तमानपत्रात ‘हे नुसतं रेटरिक’ अशा अर्थानं येतं, तिथं मात्र शब्दावडंबर.

पण मन वळवणाऱ्या बोलण्याचं शास्त्र आपल्याकडे नव्हतं असं समजू नकोस. ते कीर्तनात होतं आणि आहे. मी लहानपणी म्हार्दोळला, मंगेशीला देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून कीर्तनं ऐकली. बुवा आधी मूळपद घेत. समज, संतकवी सोहिरोबानाथ आंबियांचं ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’. मग निरूपण सुरू. त्यात दृष्टांत येई, एखादा श्लोक येई, बाजारातली गोष्ट येई, सासूसुनेचा संवाद येई. आम्ही मुलं मूळपद विसरून त्या गोष्टीत रमत असू. आणि अचानक पेटीवर तोच सूर, झांजेचा ठेका, आणि बुवा पुन्हा त्याच ओळीवर. त्या क्षणी लक्षात यायचं की सासूसुनेची गोष्टही ‘काळ घालवू नको’ याचीच होती. उत्तररंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागातलं, आख्यान तासभर चाललं तरी त्याला कुणी पाल्हाळ म्हणत नसे. मूळपदावर परत येता येतं की नाही, एवढीच कसोटी मी तुला देईन. तुझ्या निबंधाचं मूळपद एका ओळीत लिहून कागदाच्या वर ठेव आणि प्रत्येक वाक्य वाचल्यावर तिकडे बघ.

शब्दांकडेच बघायचं तर ‘निबंध’ या शब्दात ‘बंध’ आहे, बांधणं. प्रबंधातही तोच. ग्रंथ म्हणजे ग्रथित केलेलं, ओवलेलं. लेखनासाठी आपण निवडलेले शब्द गाठी मारणारे आहेत. मला चवथीची माटोळी आठवते. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला काय काय टांगलेलं असतं: नारळ, सुपारीचं शिपटं, चिबूड, तोरिंगण, कांगलां, घागऱ्या, आंब्याचे टाळे. रानातलं आणि परसातलं शंभर प्रकारचं, आणि तरी डोळ्यांना गर्दी वाटत नाही, कारण प्रत्येक जिन्नस दोरीनं चौकटीला बांधलेला आहे. तोच ऐवज खाली जमिनीवर ओतला तर त्याला आपण पसारा म्हणू.

दोषांची नावंही मराठीत नेमकी आहेत. नमनालाच घडाभर तेल हा आरंभीचा दोष, मूळ खेळ सुरू व्हायच्या आधीच दिव्यातलं तेल संपलं. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, वळत गेलं की लांबत जातो. तिथं मध्ये श्वास घ्यायला जागा नसते. जुन्या गुऱ्हाळात बैल चरकाभोवती फिरत राहत, तसं बोलणं त्याच जागी परत परत येतं. पाल्हाळ बाजूला पसरतो. मी अनेक वर्षं मुद्रितं तपासण्याचं काम केलं, आणि लेखकाला ‘लांबलंय’ एवढं सांगून भागत नसे. यांतलं नेमकं काय झालंय ते सांगितलं की तो लगेच दुरुस्त करून आणत असे.

तुझं पान मी दोनदा वाचलं. त्यात पाल्हाळ फारसा नाही. आहे ते घडाभर तेल. ‘पाणी हे जीवन आहे’, ‘पाण्याचे स्थान अनन्यसाधारण आहे’, निसर्गाची मुक्तहस्ते उधळण, मांडवी-झुवारी जीवनवाहिन्या, नदी आईसारखी, पूर्वजांचं जिव्हाळ्याचं नातं: अशी सहा वाक्यं. यांतली एकही गोष्ट खोटी नाही, पण खाजनाऐवजी धरणावर किंवा पावसावर निबंध असता तरी ती जशीच्या तशी बसली असती. शाळेत आपल्याला सुविचारानं सुरुवात करायला शिकवतात आणि इतक्या शब्दांत लिहा म्हणून शब्द मोजतात, त्यातून हात असा वळतो. ही वाक्यं येऊ दे. हात सैल व्हायला ती लागतात, मलाही लागतात. कच्च्या कागदावर लिहायची आणि पक्क्या प्रतीत उतरवायची नाहीत.

सातवं वाक्य तू मानशीवर, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, असं लिहिलंस: ‘भरतीच्या वेळी नदीचे पाणी मानशीच्या दाराला बाहेरून दाबते आणि दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की शेतातले पाणी तेच दार आतून ढकलून बाहेर पडते.’ हे वाक्य मला फार आवडलं. ज्यानं मानस कधी बघितली नाही त्यालाही ती दिसते, आणि एक विशेषण नाही. निबंध इथून सुरू कर. सरांचा पहिला शेरा तेवढ्यानं जाईल.

आणि त्याच्या पुढचं वाक्य: ‘माझे आजोबा दार नीट बसले की नाही हे आवाजावरून ओळखत.’ इथं तू थांबलीस आणि लगेच खाजनाच्या आर्थिक महत्त्वाकडे गेलीस. तो आवाज कसा असतो? फळी चौकटीवर घट्ट बसली तर कसा आणि मध्ये काटकी अडकली तर कसा? आजोबा रात्री उठून जात का, कंदील घेऊन की बॅटरी? मला यातलं काही माहीत नाही आणि मला ते वाचायचं आहे. बाईंनी शिकवलेला विस्तर इथं वापर. या एका वाक्याची दहा वाक्यं केलीस तरी समासात कुणी काही लिहिणार नाही. ती झाली की पाठव.