जुने फोटो, स्कॅन जपायचेत, सेव्हन-झिप करू का?

प्रश्न : घरातले वीसेक वर्षांचे फोटो, व्हिडिओ आणि वडिलांच्या वह्यांचे स्कॅन मिळून ४०० जीबी झालंय. पुतण्या म्हणतो सेव्हन-झिप या फाईली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अल्ट्रा (सगळ्यात जास्त दाबायचं सेटिंग) लावून एकच फाईल करा, जागा वाचेल. करू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : एकच फाईल अजिबात करू नका. जेपीजी फोटो आणि मोबाईलचे व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, परत कितीही दाबले तरी जागा नावालाच सुटते, तेवढ्यासाठी सगळं एका फाईलच्या भरवशावर कशाला ठेवायचं? ते आहेत तसेच साध्या फोल्डरमध्ये राहू द्या. वह्यांचे स्कॅन कॉम्प्रेस न केलेल्या टिफमध्ये (हा चित्रांच्या फाईलचा एक प्रकार) असतील तर मात्र चांगला फरक पडेल, ते दाबा, पण वहीगणिक वेगळी झिप करा.

सेव्हन-झिप वाईट नाही, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, १९९९ पासून चालू आहे. पण त्याचं आर्काईव्ह (दाबून बनवलेली फाईल) बाय डिफॉल्ट 'सॉलिड' बनतं, म्हणजे बऱ्याच फाईल्स सलग जोडून एका ब्लॉकमध्ये एकत्र दाबल्या जातात, मग डिस्कचा मधलाच एखादा सेक्टर (छोटा तुकडा) गेला की त्या ब्लॉकमधलं तिथून पुढचं बहुतेक सगळं गेलंच म्हणून समजा. १९८९ पासूनच्या झिपमध्ये प्रत्येक फाईल वेगळी दाबतात, त्यामुळे पान १२ खराब झालं तरी पान १३ निघतं. फाईल थोडी मोठी होते, होऊ दे. आणि झिप विंडोज, मॅक, कुठेही उघडते.

फाईलींची नावं मराठीत असतील तर जपून, झिपमध्ये यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) नावांची सोय २००६ साली आली आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये देवनागरीचा पार चुथडा होतो, म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघाच.

अजून एक, झिप काय किंवा सेव्हन-झिप काय, फाईल बिघडलीय एवढंच सांगतात, दुरुस्त करत नाहीत. रार या अशाच आणखी एका प्रकारात रिकव्हरी रेकॉर्ड (दुरुस्तीसाठीची जादा माहिती) टाकता येतो, पण रार बनवणारं सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या हातात आहे, मला ते लांबच्या पल्ल्याला पटत नाही. त्यापेक्षा पार-२च्या फाईल्स (मूळ फाईलींसोबत ठेवायच्या दुरुस्तीच्या वेगळ्या फाईली) बनवा, १० टक्के जादा जागा दिली की साधारण तेवढं नुकसान भरून काढता येतं, आणि हे फोटोंच्या फोल्डरलाही चालतं. पासवर्ड शक्यतो टाकू नका, टाकलाच तर घरातल्या अजून कुणालातरी माहीत असू द्या. एवढं करूनही कॉपी दोन डिस्कवर हवीच, त्यातली एक पुतण्याच्या घरी ठेवा.