उडीद आज विकू की हमीभावाला थांबू?

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी विचारलंय: "आठ क्विंटल उडीद घरात आहे. व्यापारी 6,200 म्हणतो, 2025-26 चा हमीभाव 7,800. सरकारी खरेदी केंद्र सुरू नाही आणि हरभऱ्याची पेरणी डोक्यावर. काय करू? शिवाय सरकार सगळी तूर घेणार म्हणे, मग पुढच्या साली कपाशी सोडून तूरच पेरू का?"

दादा, क्विंटलमागे 1,600 म्हणजे आठ क्विंटलला 12,800 रुपये. एवढी रक्कम सोडवत नाही, पण ती थांबू शकणाऱ्यालाच मिळते. आपल्याकडे उडीद-मूग भादव्यात खळ्यावर येतो आणि केंद्राचा काटा लागेपर्यंत दिवाळी येते. हमीभाव खरेदी योजनेतली ही फट दरवर्षीची आहे.

ती बुजवायला राज्याच्या पणन (शेतमाल विक्री) मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, ते आधी विचारा. गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, 6 टक्के व्याजानं. व्यापाऱ्याच्याच भावानं धरलं तरी 37,200 रुपये हातात येतात आणि तीन महिन्यांचं व्याज होतं 558. माल सोडवताना मात्र आधी पैसे भरावे लागतात, तेवढी सोय पाहून ठेवा.

केंद्रावर माल परत जातो तो बहुतेक ओलाव्यानं. मर्यादा 12 टक्के. दाणा दाताखाली धरा: कट्कन फुटला तर ठीक, दबला तर अजून दोन उन्हं द्या. चाळणी घरीच मारा, काडीकचऱ्यासाठी यार्डात हमाली भरू नका. नोंदणीला आधार जोडलेलं बँक खातं आणि पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. उताऱ्यावर उडीद नसेल तर बाकीचे कागद कितीही चोख असोत, उपयोग नाही.

आता तूर. केंद्र सरकारनं तूर, उडीद, मसूर शंभर टक्के खरेदीची हमी दिली आहे हे खरं, 2025-26 चा तुरीचा हमीभावही 8,000 आहे. पण एकरी किती क्विंटल घ्यायचे ते जिल्ह्याच्या उत्पादकतेवर ठरतं, त्यावरची तूर बाजारातच जाते. तिथं भाव पाडायला आयात बसलेलीच आहे. 31 मार्च 2026 पर्यंत तर तूर बिनशुल्क येऊ दिली होती. एका हातानं हमीभाव, दुसऱ्या हातानं आयात. जळगावच्या डाळमिलला ते सोयीचं असेल, तुम्हाला नाही.

म्हणून कपाशी सगळी मोडू नका. सहा-आठ ओळींआड तुरीची एक ओळ घ्या आणि ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पीक चढवायच्या मोबाइल अ‍ॅपवर) तिची मिश्र पीक म्हणून नोंद करा. नाहीतर उताऱ्यावर नुसती कपाशी दिसेल आणि तुमची तूर काट्यावरून परत येईल.