मस्टँग जीटी जोरात सुटताना मागची चाकं धडधडतात, कडक बुश टाकल्यावर थांबेल का?

बऱ्याच अंशी थांबेल, पण कोणते बुश (सांध्यांत बसवलेल्या रबरी गाद्या) हे महत्त्वाचं.

टायर रस्ता पकडतो तेव्हा बुशचं रबर पिळलं जातं, टायरची पकड सुटली की ते झटक्यात परत येतं, की पुन्हा पकड. हाच खेळ भराभर चालतो आणि धडधड ऐकू येते. अशा वेळी ॲक्सिलरेटर लगेच सोडा, नाहीतर ड्राइव्हशाफ्ट जाईल.

तुमच्या गाडीला मागे इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात आणि ती जिला जोडलेली असतात ती अख्खी चौकट, म्हणजे सबफ्रेमच, रबरावर बसलेली. सुरुवात तिथूनच करा: सबफ्रेमचे बुश घट्ट करणारे इन्सर्ट, मग डिफरेन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचे बुश. जुने बुश न काढता बसणारे इन्सर्ट स्वस्तात पडतात. आर्म्सचे, म्हणजे चाक सबफ्रेमला जोडणाऱ्या दांड्यांचे बुश त्यानंतर.

पॉलियुरेथेन घ्या, सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर बैलगाडीसारखं कुरकुरतं. सॉलिड अ‍ॅल्युमिनियमच्या नादी लागू नका. पुणे हायवेला डिफरेन्शियलची घरघर थेट केबिनमध्ये येईल, घरचे बसायचे नाहीत.

बुश काढायला-घालायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रेसवाला शोधा, हातोड्याने ठोकू देऊ नका. जे आर्म रबरी बुशवरच राहतील, त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लिफ्टवर लटकत्या चाकांनी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग व्हील अलाइनमेंट.

आणि हो, आधी शॉकअप गळतायत का तेवढं बघा. टायर झिजून गुळगुळीत झाले असतील तर आधी तेच बदला.