वाचकांचे प्रश्न : रिपीटर बोलू लागताच बहिरा का होतो?

प्रश्न : जुळे सोलापुरातील चार मजली इमारतीच्या गच्चीवर आम्ही काही हौशी रेडिओचालकांनी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील रिपीटर (क्षीण संदेश ग्रहण करून ते अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र) बसविला आहे. सकाळी तो उत्तम चालतो. दुपारी मात्र प्रक्षेपण सुरू होताच दूरचे क्षीण संदेश तुटू लागतात. दोष कोठे असावा?

उत्तर : या पट्ट्यात ग्रहण आणि प्रक्षेपण यांत साधारणतः केवळ ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर असते आणि दोन्ही कामे एकाच अँटेनावर एकाच वेळी चालतात. त्यामुळे प्रक्षेपकाची शक्ती व त्याचा गोंगाट ग्राहकापासून (रिसीव्हरपासून) दूर ठेवण्याचा सारा भार डुप्लेक्सर या गाळणीवर पडतो. त्याच्या धातूच्या पोकळ्या उष्णतेने प्रसरण पावल्या, की त्यांची जुळवणी (ट्यूनिंग) सरकते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपले यंत्र पत्र्याच्या खोलीत असेल तर तेथील स्थितीची कल्पनाच केलेली बरी! म्हणून माझा पहिला संशय डुप्लेक्सरवरच आहे.

तरीही जुळवणीचे स्क्रू फिरविण्यापूर्वी, दोष दिसत असतानाच, डुप्लेक्सरच्या अँटेनाकडील टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती शोषून घेणारा रोध) जोडावा आणि ग्राहकात क्षीण चाचणी-संकेत सोडून पाहावे. संदेश तरीही तुटत असेल, तर दोष डुप्लेक्सरमध्ये किंवा आतील केबलींमध्ये आहे. एकपदरी जाळीच्या स्वस्त केबलीतून संकेत झिरपतो. तेथे दुहेरी जाळीचीच केबल वापरावी. तुटणे थांबले, तर अँटेना, तिची केबल आणि मनोऱ्याचे गंजलेले सांधे तपासावेत. डुप्लेक्सर मात्र नेहमीच्या कार्यतापमानालाच जुळवावा.